तूर, मापुतो आणि एम.ए.चा संशोधन प्रकल्प : लातूर जिल्ह्यातल्या एका छोट्या महाविद्यालयातलं प्रकरण

एम.ए.च्या तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचा विषय ठरवावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक या प्रकल्पाला आहेत. म्हणजे १० श्रेयांक एका विषयावर अवलंबून. लातूर जिल्ह्यातल्या ज्या अनुदानित महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो, तिथे आंतरराष्ट्रीय संबंध हा गट घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा विषय विभागाच्या बैठकीत अडकला. विषय होता ‘भारत-मोझांबिक संबंध आणि तुरीची आयात, २०१६ ते २०२३’. आक्षेप सरळ होता : हा विषय अर्थशास्त्राचा, फार तर वाणिज्य शाखेचा, यात आंतरराष्ट्रीय संबंध कुठे आहेत?

तो आक्षेप, त्याला मिळालेलं उत्तर आणि पुढे झालेलं काम मी सविस्तर लिहितो आहे. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी हा विषय शिकणाऱ्या प्रत्येकासमोर हाच प्रश्न येतो. ग्रंथालयात जुन्या आवृत्त्या, पूर्णवेळ शिक्षक एखादा, बाकीचे तासिका तत्त्वावर. परराष्ट्र मंत्रालय, दूतावास, विचारगट सगळे दिल्लीत. इथे बसून परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करायचा तर कशाच्या जोरावर?

आधी तिने आणलेला विषय वेगळाच होता : भारत-चीन सीमावाद. दर वर्षी निम्म्याहून अधिक विद्यार्थी हाच विषय आणतात, उरलेले भारत-पाकिस्तान किंवा भारत-अमेरिका. यात त्यांचा दोष नाही. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये तेच, वर्तमानपत्रात तेच, बाजारातल्या गाइडमध्येही तेच. पण जून २०२०च्या गलवान संघर्षाबद्दल निलंग्याची किंवा औशाची मुलगी असं काय शोधणार, जे आधीच छापून आलेलं नाही? तिच्या हाती लागतात दुसऱ्यांचे लेख. मग प्रकल्प म्हणजे त्या लेखांची जुळणी होते आणि साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो सापडतो. विषय मोठा निवडला की विद्यार्थी लहान होतो, हे मी अनेक तुकड्यांमध्ये पाहिलं आहे.

तुरीचा विषय तिला दुसऱ्या सत्रात सापडला. त्या सत्रात ४ श्रेयांकांचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ असतं. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला कामाच्या अनुभवासाठी पाठवायचं कुठे, हा सगळ्याच छोट्या महाविद्यालयांचा खरा पेच आहे. बहुतेक जण तहसील कार्यालय किंवा पंचायत समिती गाठतात. तिचे वडील बाजार समितीत हमाल, म्हणून तिने बाजार समितीचं कार्यालय निवडलं. तिथे आवक-भावाच्या नोंदी उतरवताना तिच्या लक्षात आलं की सौदा सुरू होण्याआधी आडते आणि खरेदीदार फोनवर मुंबई आणि चेन्नईचे भाव बघतात. लेमन काय निघाली, अरुषा काय आहे, गजरी कुठवर आली, अशी विचारपूस चालते. लेमन ही म्यानमारची तूर, गजरी मोझांबिकची. अरुषा टांझानियातलं शहर आणि पूर्व आफ्रिकी समुदायाचं मुख्यालय. प्रादेशिक संघटनांच्या प्रकरणात हे नाव तिने पहिल्या सत्रात पाठ केलं होतं, आणि तेच नाव आता भाव ठरवताना कानावर पडत होतं.

तिने मला विचारलं, “सर, आपल्या यार्डातला भाव आफ्रिकेतल्या मालावर हलतो, तर तो माल आत येऊ द्यायचा की नाही हे कोण ठरवतं?”

हा प्रश्न आंतरराष्ट्रीय संबंधांचा आहे. बैठकीत मी तेच मांडलं. सहकाऱ्यांचा आक्षेपही पोकळ नव्हता. प्रकल्पात भावाचे तक्तेच भरले असते, तर तो खरंच अर्थशास्त्राचा झाला असता. त्यामुळे एक अट घालून विषय मंजूर झाला : अभ्यास भावाचा होणार नाही, सरकारच्या निर्णयाचा होईल. कोणत्या सरकारने, कोणत्या तारखेला, कुणाला काय वचन दिलं आणि ते पाळलं का, हे तपासायचं. मला विचाराल तर या अटीनेच प्रकल्पाला कणा दिला. आक्षेप घेणाऱ्या सहकाऱ्याचं श्रेय मोठं आहे.

आता मूळ घटनाक्रम. २०१५च्या ऑक्टोबरात देशात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. मराठवाड्यात लागोपाठ दुष्काळ पडला होता. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे इथे कुणाला सांगायला नको. २०१५-१६मध्ये देशाचं तुरीचं उत्पादन सुमारे २५.६ लाख टनांवर होतं. या पार्श्वभूमीवर जुलै २०१६मध्ये पंतप्रधानांच्या मोझांबिक दौऱ्यात तिथल्या राजधानीत, मापुतोला, डाळींबाबत करार झाला. मोझांबिकमधून पहिल्या वर्षी १ लाख टन, मग दर वर्षी वाढवत २०२०-२१पर्यंत २ लाख टन डाळ, मुख्यतः तूर, भारत घेणार असं ठरलं.

आणि त्याच खरिपात पाऊस चांगला झाला. भाव चढे असल्याने शेतकऱ्यांनी पेराही वाढवला होता. २०१६-१७मध्ये उत्पादन सुमारे ४८.७ लाख टनांवर गेलं, म्हणजे जवळपास दुप्पट. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल होता, पण बाजारात तूर त्याच्या बरीच खाली विकली गेली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. ओरड वाढल्यावर मार्च २०१७मध्ये तुरीवर १० टक्के आयात शुल्क लागलं आणि ऑगस्ट २०१७मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली.

वर्षभरापूर्वी मापुतोला दिलेल्या शब्दाचं काय झालं, हा तिच्या प्रकल्पाचा गाभा. ऑगस्टची अधिसूचना तिने ओळ-ओळ वाचली तेव्हा उत्तर सापडलं. सरकारने द्विपक्षीय करारानुसार येणारा माल या मर्यादेतून वगळला होता. कागदावर भारताने शब्द पाळला. पण भारतात येणारी सगळी आफ्रिकन तूर काही कराराच्या कोट्यातून येत नव्हती, मोठा भाग खासगी व्यापाराचा होता आणि मर्यादेचा फटका त्याला बसला. मोझांबिकच्या नाम्पुला आणि झाम्बेझिया प्रांतांतला छोटा शेतकरी तूर पिकवतो ती बहुतांशी भारतासाठी, त्याच्या घरात ती फारशी शिजत नाही. २०१७मध्ये त्याला मिळणारा भाव कोसळला. ज्या वर्षी आमच्या भागातला शेतकरी पडलेल्या भावाने हवालदिल होता, त्याच वर्षी तिकडचाही होता. एकाला वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाने दुसरा बुडाला. हे प्रकरण लिहिताना ती काही दिवस गप्प-गप्प होती. मोझांबिक तोवर तिच्यासाठी नकाशातला एक रंगीत तुकडा होता.

सिद्धांताची गरज इथे लागली, आणि ती खरी गरज होती, प्रकरण दोनमध्ये भरायची म्हणून नव्हे. रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकांनी परस्परावलंबनात एक फरक दाखवला आहे. बाहेरच्या बदलाचा चटका लगेच बसणं ही एक गोष्ट, आणि स्वतःचं धोरण बदलूनही त्या चटक्यातून सुटका न होणं ही दुसरी. भारताला तूर कमी पडली तर म्यानमार, टांझानिया, मलावी आहेत, मसूर आणि वाटाणा आहे, शुल्क वर-खाली करता येतं. मोझांबिकच्या तुरीला भारताशिवाय जवळपास गिऱ्हाईकच नाही. दोघेही एकमेकांवर अवलंबून, पण सारखे नाहीत. रॉबर्ट पुटनम यांनी १९८८मध्ये मांडलेली दोन पातळ्यांवरच्या खेळाची कल्पनाही तिने वापरली : दिल्लीतल्या सरकारला एका टेबलावर मापुतोशी बोलायचं असतं आणि दुसऱ्या टेबलावर स्वस्त डाळ मागणारं शहर आणि चढा भाव मागणारं शिवार दोन्ही बसलेले असतात. हे सिद्धांत वर्गात शिकवताना मी नेहमी अमेरिका-सोव्हिएत संघाची उदाहरणं देत आलो. या तुकडीपासून तुरीचं देतो.

साधनांचं सांगतो, कारण छोट्या महाविद्यालयातले विद्यार्थी सगळ्यात जास्त तिथेच अडतात. पैसे न मोजता मिळणारं साहित्य बरंच आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात आकडेवारीत तुरीचा संकेतांक ०७१३६००० टाकला की देशवार, वर्षवार आकडे येतात. अधिसूचना महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असतात. लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं हा तर खजिनाच आहे. खासदाराने विचारलेल्या साध्या प्रश्नाला मंत्र्याने दिलेल्या उत्तरात कधी-कधी असा तक्ता मिळतो, जो दुसरीकडे कुठे नसतो. बाजारातल्या रोजच्या भावासाठी राज्य कृषी पणन मंडळ. शोधनिबंधांसाठी एन-लिस्ट, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोय; महाविद्यालयाने थोडं वार्षिक शुल्क भरलं की विद्यार्थ्यालाही स्वतंत्र लॉगिन मिळतं. आपलं महाविद्यालय सभासद आहे का, हे विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांना आजच विचारावं. अनेक ठिकाणी शुल्क भरलेलं असतं आणि लॉगिन शिक्षकांच्या पलीकडे गेलेलं नसतं.

मोझांबिकची बाजू शोधताना भाषा आडवी आली. तिथली राजभाषा पोर्तुगीज. तुरीला तिकडे ‘फेजांव बोएर’ म्हणतात, हा शब्द हाती लागेपर्यंत तिला तिकडची एक बातमी मिळत नव्हती, मग रांगेने मिळू लागल्या. फोनवरच्या यंत्रभाषांतराने त्या वाचल्या. इथे आम्ही नियम केला : यंत्राने केलेलं भाषांतर फक्त घटना आणि तारीख शोधण्यासाठी, विधानाचा आधार म्हणून दुसऱ्या इंग्रजी किंवा सरकारी स्रोतातून खात्री झाल्याशिवाय काही घ्यायचं नाही. २०२३च्या अखेरीस निर्यातदारांमधल्या वादामुळे नकाला बंदरात भारताकडे निघालेली तूर अडकून पडली होती, ते प्रकरण तिने अशाच पद्धतीने उभं केलं. तोवर चक्र उलटं फिरलं होतं. मे २०२१पासून भारताने तूर आयात पुन्हा मुक्त केली होती, मार्च २०२३मध्ये शुल्क काढलं होतं, जूनमध्ये साठ्यावर मर्यादा आणली होती. आता घाई दिल्लीला होती.

सगळ्यात उपयोगी माहिती मात्र तिला घरात मिळाली. बाजार समितीच्या नोंदींत आयात तुरीचा माग काढायचा तिने बराच प्रयत्न केला, काही हाती लागेना. वडील महाविद्यालयात आले होते तेव्हा ते मला म्हणाले, “सर, ती तूर आमच्या पाठीवर येतच न्हाई. बंदरावरून ट्रकानं सरळ मिलवर जाती. यार्डात कितीबी हुडका, सापडायची न्हाई.” त्या एका वाक्याने संशोधनाची पद्धत बदलली. यार्डातल्या आवकेत आयात दिसत नाही, तिचा फक्त परिणाम दिसतो. माल बघायचा तर लातूर-उदगीरच्या डाळ मिलवाल्यांना भेटायला हवं. तिने भेटी घेतल्या. काहींनी बोलायला नकार दिला, काहींनी नाव न छापण्याच्या अटीवर सांगितलं, आणि ती अट तिने शेवटपर्यंत पाळली. वडिलांच्या म्हणण्यातला दुसरा अर्थही तिने प्रकल्पात घेतला : आयात वाढते तेव्हा शेतकऱ्याचा भाव पडतो हे सगळे बोलतात, पण हमाल-मापाड्यांची मजुरीही त्या मालावर नसते, हे धोरणाच्या चर्चेत कुठे येत नाही. पुण्या-दिल्लीच्या मोठ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला हा मुद्दा सुचायला किती वर्षं लागली असती?

एका ठिकाणी मात्र आमची खडाजंगी झाली. म्यानमारशी भारताने जून २०२१मध्ये समझोता केला : पाच वर्षं, दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर. त्याआधी १ फेब्रुवारीला तिथे लष्कराने सत्ता घेतली होती. आणि त्याच जूनच्या १८ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवरचा ठराव ११९ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. तिने लिहिलं, ‘डाळीच्या गरजेमुळे भारताने म्यानमारविरोधी भूमिका टाळली.’ वाक्य आकर्षक होतं आणि मी ते काढायला लावलं. भारताची म्यानमारशी १,६०० किलोमीटरहून लांब सीमा आहे, ईशान्येतल्या बंडखोर गटांचा प्रश्न आहे, चीनचा तिथला वावर आहे, आणि मसुद्यात आपली मतं उतरलेली नाहीत असं कारण भारताने स्वतः दिलं होतं. दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या एवढ्याने एक दुसरीचं कारण ठरत नाही. तिला पटायला वेळ लागला. शेवटी तिने लिहिलं की लष्करी सत्तेनंतरही डाळीचा व्यवहार थांबला नाही आणि सरकारने त्याला पाच वर्षांची चौकट दिली. यावरून दोन्ही विषय दिल्लीत वेगवेगळे हाताळले गेले असावेत. हे वाक्य कमी चमकदार आहे, पण पुराव्याला धरून आहे. पदवीने तिला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हे वाक्य दाखवीन.

थोडं विषयाबाहेरचं. आंतरराष्ट्रीय म्हणजे आपल्यापासून लांबचं, ही समजूत मराठवाड्यात तरी टिकायला नको. १७ सप्टेंबरला आम्ही दर वर्षी मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन करतो. त्याच्या आदल्या दिवशी, १६ सप्टेंबर १९४८ला, पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हैदराबादचा प्रश्न कार्यसूचीवर घेतला होता. निजामाच्या सरकारने ऑगस्टमध्ये तिथे तक्रार नेली होती. या आठही जिल्ह्यांचं भवितव्य त्या टेबलावर होतं. आमच्या वर्गात सुरक्षा परिषद शिकवताना काश्मीर येतं, कोरिया येतं, हैदराबाद येत नाही. ते यायला हवं, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “भारताला मोझांबिकची गरज जास्त की मोझांबिकला भारताची?” ती म्हणाली, “वर्ष सांगा सर. २०१५ असेल तर आपल्याला. २०१७ असेल तर त्यांना. २०२३ला पुन्हा आपल्याला. लातूर, यवतमाळ आणि कलबुर्गीला पाऊस कसा झाला त्यावर ते ठरतं. पण आपली अडचण एका हंगामाची असते, त्यांची दर हंगामाची.” परीक्षकांनी पुढचा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेवर विचारला; अमेरिका आणि कॅनडाने २०१९मध्ये भारताच्या डाळींच्या हमीभावावर तिथे प्रतिसूचना दिली होती, म्हणजे भारताने कळवलेल्या आकड्यांना आव्हान दिलं होतं, ते तिला माहीत होतं, पण संघटनेच्या मर्यादेपेक्षा जास्त सरकारी आधार नेमका कसा मोजतात यावर ती अडखळली. त्या गणितासाठी वाणिज्यच्या सहकाऱ्याला आम्ही वर्गात बोलवायला हवं होतं, असं तिचंच म्हणणं पडलं, आणि पुढच्या तुकडीसाठी ते तास ठरले आहेत.

महाविद्यालय तिला जे देऊ शकलं नाही तेही नोंदवतो. पोर्तुगीज किंवा बर्मी सोडाच, इंग्रजी शोधनिबंध वाचायचा सराव करून घेणारं माणूस नव्हतं. तो सराव चार जणींनी मिळून, एक परिच्छेद मोठ्याने वाचून आणि लगेच मराठीत सांगून, स्वतः केला. मोझांबिकला गेलेला, दूतावासात काम केलेला, करार लिहिताना पाहिलेला एकही माणूस तिला भेटला नाही. तासिका तत्त्वावरच्या ज्या सहकाऱ्याने तिला सिद्धांत शिकवले, त्यांची नेमणूक सत्र संपताच संपली, आणि चौथ्या सत्रात ती त्यांना फोनवर शंका विचारत राहिली. ते उत्तरं देत राहिले, बिनपगारी. विद्यार्थ्यांच्या जिद्दीची गोष्ट सांगताना ही बाजू झाकली जाते, म्हणून मुद्दाम लिहितो : रिकाम्या जागा भरल्या गेल्या पाहिजेत. जिद्द हा त्याला पर्याय होऊ शकत नाही.

सध्या ती नेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, तयारी करते आहे. तिथे एक व्यवहारी पेच आहे. राज्यशास्त्र हा विषय संकेतांक ०२ आणि आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यास हा ९०. दुसरा तिच्या आवडीचा, पण आमच्या भागात प्राध्यापकाची जाहिरात निघते ती राज्यशास्त्राची. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, त्यामुळे मराठीत केलेला सगळा अभ्यास पुन्हा घासावा लागतो. तिने ०२ भरला आहे.

पुढच्या तुकडीतून दोन प्रस्ताव आले आहेत. एक सोयाबीनवर : ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, तो निर्णय कुक्कुटपालन उद्योग, शेतकरी आणि पेंड विकणारे देश यांच्या ओढाताणीत कसा झाला. दुसरा हैदराबाद प्रश्नावर, संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयातली १९४८ची इतिवृत्तं वाचून. दोन्ही प्रस्तावांना बैठकीत तीच अट घातली आहे : कोणत्या सरकारचा, कोणत्या तारखेचा निर्णय तपासणार, हे पहिल्या पानावर लिहायचं. सोयाबीनवाल्या विद्यार्थ्याने ते लिहून दिलं आहे. हैदराबादच्या प्रस्तावात अजून सरकार कोणतं धरायचं, दिल्लीचं की निजामाचं, यावर चर्चा सुरू आहे.